दहा वाजता उमलणारे फूल : ‘ऑफिस टाइम’ची ओळख व लागवड

निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठण्याची घंटा, वंदनेची घंटा, न्याहारीची घंटा, वर्ग भरण्याची व सुटण्याची घंटा. या शाळेत राहून गेलेल्या प्रत्येकाच्या कानात ती आयुष्यभर वाजत राहते. मात्र वसतिगृहाच्या व्हरांड्यासमोर असलेल्या मुरमाड पट्ट्यात एक वनस्पती अशी आहे की जी कोणत्याही घंटेवाचून आपली वेळ पाळते. सकाळी आठ वाजता पाहावे तर हिरव्या पसाऱ्यात केवळ मिटलेल्या कळ्या दिसतात. नऊ-दहाच्या सुमारास ऊन चढले की तोच पट्टा गुलाबी, पिवळ्या, केशरी, लाल आणि पांढऱ्या फुलांनी भरून जातो. दुपार कलली की फुले मिटतात आणि मिटलेले फूल पुन्हा उमलत नाही. दुसऱ्या दिवशी उमलतात ती नवी फुले असतात.

कार्यालये उघडण्याच्या वेळी फुलणारे म्हणून मराठी माणसाने या फुलाला ‘ऑफिस टाइम’ असे नाव दिले. आपल्या आवारात हे रोप गेली अनेक वर्षे आहे, तथापि त्याच्याविषयी व्यवस्थित माहिती फारच थोड्या विद्यार्थ्यांना असते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती एकत्र मांडावी, आणि हे रोप वाढवताना आम्हांला जे शिकावे लागले तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाव आणि मूळ

महाराष्ट्रात या रोपाला ‘चिनी गुलाब’ असेही म्हणतात. वास्तविक ते गुलाबाच्या कुलातील नाही आणि चीनमधूनही आलेले नाही. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेत, म्हणजे ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे व अर्जेंटिना या प्रदेशांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन गिलीज या स्कॉटिश वैद्याने अर्जेंटिनातील मेंडोसाच्या परिसरात ही वनस्पती हलक्या, वाळूमिश्रित जमिनीवर विपुल पसरलेली पाहिली. पुढे 1829 मध्ये विल्यम जॅक्सन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा’ हे नाव दिले. ‘ग्रँडिफ्लोरा’ म्हणजे मोठ्या फुलांची. ‘पोर्तुलाका’ या नावाचा संबंध लॅटिनमधील ‘छोटे दार’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. या रोपाचे बोंड पिकले की त्याचा वरचा भाग डबीच्या झाकणाप्रमाणे गोल सुटून येतो आणि आतील बी मोकळे होते. हे ज्याने एकदा पाहिले त्याला नावाचा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही.

या फुलाची वेळ अन्य भाषिकांच्याही लक्षात आली आहे. मल्याळम भाषेत त्याला ‘पत्तुमणी’, म्हणजे ‘दहा वाजताचे’ फूल म्हणतात. व्हिएतनामी भाषेतील त्याच्या नावाचा अर्थही ‘दहा वाजता’ असाच आहे. एकमेकांपासून दूर राहणाऱ्या लोकांनी एका परदेशी रोपाला स्वतंत्रपणे जवळजवळ एकच नाव द्यावे, यावरून त्याची ही सवय किती ठळक आहे हे ध्यानात येते.

रोपाची ओळख

हे रोप जेमतेम वीतभर उंच होते, परंतु त्याच्या फांद्या जमिनीलगत सर्व बाजूंनी पसरत जातात. कुंडी उंचावर टांगली तर त्याच फांद्या काठावरून खाली झुलू लागतात. खोड मांसल व बहुधा तांबूस छटेचे असते. पाने जाड, सुईसारखी लांबट व गोलाकार असून त्यांच्या बगलेत पांढरे केस असतात. फांदीच्या टोकाशी पानांच्या दाटीत कळ्या येतात. मूळ जातीच्या फुलाला पाच पाकळ्या व मधोमध पुंकेसरांचा झुबका असतो. बागेसाठी निवडलेल्या प्रकारांत पाकळ्यांचे अनेक पदर असतात व असे दुहेरी फूल लहानशा गुलाबासारखे दिसते. ‘चिनी गुलाब’ या नावाचे कारण त्यातच असावे.

या रोपाचा एक जवळचा नातेवाईक आपण सर्वांनी खाल्लेला आहे. तो म्हणजे घोळ. शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी, किंचित आंबट चवीची घोळीची भाजी याच प्रजातीसमूहातील आहे. घोळीची पाने चपटी व टोकाकडे रुंद असतात आणि तिची फुले लहान व पिवळी असतात. अलीकडे रोपवाटिकांत चपट्या पानांचा, मोठ्या फुलांचा आणखी एक शोभेचा प्रकार मिळतो. तोही याच गटातील असून त्याची निगा अशीच राखावी. मात्र नात्यातील रोप आहे म्हणून शोभेच्या रोपांची पाने भाजीसाठी तोडू नयेत. रोपवाटिकेत त्यांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते.

थोड्या पाण्यावर जगण्याचे रहस्य

उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचा टँकर आला की प्रथम पिण्याचे पाणी, नंतर स्वयंपाकघर, मग धुणे व स्नान असा क्रम असतो. झाडांची पाळी शेवटी येते. अशा दिवसांतही हा पट्टा फुललेला असतो, याचे अनेकांना नवल वाटते.

याचे पहिले कारण पाने व खोड यांत आहे. त्यांच्या मांसल पेशींत पाण्याचा साठा असतो. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. वनस्पती पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण रंध्रे उघडली की पाण्याची वाफही बाहेर पडते. मका, ज्वारी व ऊस यांनी कडक उन्हात थोड्या पाण्यात अधिक अन्न तयार करण्याची एक कार्यक्षम पद्धत विकसित केली आहे. निवडुंग व अननस यांची पद्धत निराळी आहे. ते रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरतात. बहुतेक वनस्पतींत यांपैकी एकही पद्धत नसते. घोळ व ऑफिस टाइम यांच्यात दोन्ही आढळतात. पाणी असेल तेव्हा हे रोप ज्वारीच्या रीतीने वाढते आणि पाण्याचा ताण पडला की निवडुंगाच्या रीतीचाही आधार घेते. एकाच रोपात दोन्ही क्षमता असणे ही वनस्पतिसृष्टीतील विरळ गोष्ट आहे, आणि ती आपल्या व्हरांड्यासमोर आहे.

फुलांच्या रंगांविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जास्वंदासारख्या अनेक फुलांतील लाल-जांभळे रंग ज्या द्रव्यांमुळे येतात, ती या फुलात नसतात. बीट ज्या गटातील रंगद्रव्यांमुळे लाल दिसते, त्याच गटातील रंगद्रव्ये या फुलाला लाल, गुलाबी व पिवळा रंग देतात. या रंगद्रव्यांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी या रोपाचा बराच उपयोग केला आहे.

दहाच वाजता का?

फुलाला घड्याळ कळत नाही. उमलण्यासाठी त्याला भरपूर प्रकाश व उष्णता लागते आणि आपल्याकडे निरभ्र दिवशी ही स्थिती साधारण नऊ-दहाच्या सुमारास येते. उन्हाळ्यात ते थोडे लवकर उमलते, थंडीत उशिरा. आभाळ भरून आले तर काही दिवशी ते अर्धेच उमलते, काही दिवशी मुळीच नाही. म्हणून सावलीत ठेवलेले रोप हिरवेगार दिसले तरी त्यावर फुलांची अपेक्षा करू नये.

याच सवयीमुळे हे फूल तोडून उपयोग होत नाही. सकाळच्या वंदनेच्या वेळी ते उमललेले नसते व सायंकाळच्या वंदनेच्या वेळी ते मिटलेले असते. हारात वा फुलदाणीत ते टिकत नाही. ज्याला ते पाहायचे आहे त्याने उन्हाच्या वेळी त्याच्यापाशी जावे लागते.

माती, कुंडी व जागा

या रोपाच्या लागवडीत एक गोष्ट मनात पक्की ठेवली की निम्मे काम झाले. ती म्हणजे पाण्याचा निचरा. चिकण काळ्या मातीत पाणी साचते व मुळे कुजतात. म्हणून कुंडीसाठी दोन भाग साधी माती, एक भाग जाडसर वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. काळी मातीच उपलब्ध असेल तर वाळूचे प्रमाण वाढवावे अथवा थोडा बारीक मुरूम मिसळावा.

मुळे खोल जात नसल्याने पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीची पसरट कुंडी पुरते. कुंडी विकत घेण्याचीही आवश्यकता नाही. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, आडवा कापलेला प्लास्टिकचा कॅन यांपैकी काहीही चालते. मात्र तळाला तीन-चार छिद्रे असलीच पाहिजेत. छिद्रांवर खापराचे किंवा विटेचे तुकडे ठेवावेत, म्हणजे माती वाहून जात नाही व पाणी अडत नाही. टांगत्या कुंडीसाठी हलके भांडे घ्यावे व तारेचा आधार तीन बाजूंनी द्यावा. जागा अशी निवडावी की जेथे दिवसातून किमान सहा तास थेट ऊन पडेल.

जमिनीत लावायचे असेल तर वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार-पाच बोटे उंच करावा. दगडी कडा, पायऱ्यांलगतची जागा, कुंपणाच्या भिंतीचा माथा अशा ठिकाणीही हे रोप आनंदाने पसरते.

फांदीपासून रोप

सर्वांत सोपी पद्धत फांदी लावण्याची आहे. निरोगी रोपाची सात ते दहा सेंटिमीटर लांबीची कोवळी फांदी चिमटीने खुडावी. तिच्या खालच्या निम्म्या भागातील पाने व टोकावरील कळ्या काढून टाकाव्यात, कारण मुळे फुटेपर्यंत फुलांचा भार फांदीवर पडू नये. खुडलेल्या फांद्या काही तास, शक्य असल्यास एक दिवस, सावलीत ठेवाव्यात म्हणजे जखम सुकते व कुजण्याचा धोका कमी होतो. नंतर बोटाने अथवा काडीने भोक पाडून फांदी दोन-तीन सेंटिमीटर खोल रोवावी व भोवतीची माती हलकेच दाबावी. वीतभर रुंदीच्या कुंडीत पाच-सहा फांद्या लावल्या की कुंडी लवकर भरते. निरनिराळ्या रंगांच्या फांद्या एकत्र लावल्यास शोभा अधिक येते.

लावल्यावर एकदा हलके पाणी द्यावे व माती वरून सुकल्याखेरीज पुन्हा देऊ नये. आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. फांदी अलगद ओढून पाहिली असता ती प्रतिकार करू लागली, की रोप लागले असे समजावे. पुढे महिनाभरात पहिले फूल दिसते. फांदीपासून केलेल्या रोपाला मूळ रोपाच्याच रंगाची फुले येतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

बियांपासून रोप

बियांपासून रोपे करण्यासाठी थंडी ओसरल्यावरचा काळ, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, उत्तम. बी अतिशय बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून भुसभुशीत मातीच्या पृष्ठावर विखरावे व तळव्याने हलके दाबावे. ते मातीने झाकू नये, कारण रुजण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. झारीच्या धारेने बी वाहून जाते, म्हणून पाणी शिंपडून द्यावे किंवा कुंडी थोडा वेळ पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात व सुमारे दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. दुहेरी फुलांत बी कमी धरते आणि अशा बियांच्या सर्व रोपांना दुहेरीच फुले येतील याची खात्री नसते.

पाणी, आणि एका विद्यार्थ्याची कुंडी

काही वर्षांपूर्वी आम्ही पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या रोपाची एकेक कुंडी दिली होती. त्यांतील एक मुलगा घर सोडून नुकताच वसतिगृहात आला होता. तो कोणाशी फारसा बोलत नसे, पण कुंडीपाशी मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ झारी घेऊन उभा असे. सुमारे दोन आठवड्यांत त्याचे रोप तळाशी काळे पडून मऊ झाले. शेजारच्या कुंड्यांत, जेथे मुले पाणी घालायला विसरत होती, तेथे कळ्या आल्या होत्या. तो मजजवळ आला व म्हणाला, “सर, मी तर एकही दिवस चुकवला नाही. मग माझेच रोप का मेले?”

दोष त्याचा नव्हता, माझा होता. मी मुलांना कुंड्या दिल्या, झाऱ्या दिल्या, परंतु पाणी केव्हा घालू नये हे सांगितले नव्हते. आम्ही दोघांनी ते रोप उपटले. मुळे कुजली होती, तरी तीन फांद्यांची टोके अद्याप टणक व हिरवी होती. ती खुडून दिवसभर सावलीत वाळवली आणि वाळू अधिक असलेल्या मातीत लावली. या वेळी त्याला झारी दिली नाही, एक नियम दिला. रोज मातीत बोटाचे एक पेर घालून पाहायचे. बोटाला ओल लागली तर परत फिरायचे, कोरडे लागले तरच पाणी घालायचे. त्या मुलाला सर्वांत अवघड गेले ते परत फिरणे. दहाव्या दिवशी त्याने एक फांदी हलकेच ओढून पाहिली, ती हलली नाही, आणि वर्गात येऊन त्याने ते सर्वांना सांगितले. महिन्याभरानंतर त्याच्या कुंडीत पिवळे फूल आले. पुढे त्या वर्गात कोणाच्याही कुंडीला पाणी घालण्यापूर्वी त्याला विचारण्याची प्रथाच पडली.

पाण्याचा नियम म्हणून हाच सांगावा. कडक उन्हाळ्यात लहान टांगती कुंडी रोज कोरडी होते, तेव्हा रोज पाणी द्यावे. जमिनीतील रोपांना तीन-चार दिवसांआड पुरते. थंडीत त्याहून कमी. पावसाळ्यात बहुधा वेगळे पाणी द्यावे लागत नाही. उलट संततधार लागली तर कुंड्या पागोळीपासून दूर, पण उजेडाच्या जागी हलवाव्यात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे पाणी घालू नये.

खत, छाटणी व कीड

खताच्या बाबतीतही हात आखडता ठेवावा. दीड-दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत मातीत मिसळणे पुरेसे होते. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने माजतात व फुले घटतात. रोप बोटभर वाढले की शेंडे खुडावेत, म्हणजे बाजूने अनेक फांद्या फुटतात. फुलांचा बहर ओसरून फांद्या लांबट व मधल्या भागात उघड्या पडू लागल्या, की त्या निम्म्याने छाटाव्यात. छाटलेल्या फांद्या फेकू नयेत, कारण त्यांतील प्रत्येक फांदी हे एक नवे रोप आहे. जुनी रोपे हळूहळू निस्तेज होतात. म्हणून वर्षातून एकदा नव्या फांद्या लावून कुंडी बदलून घ्यावी.

कीड फारशी लागत नाही. कधी कोवळ्या शेंड्यांवर मावा, कधी बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो. प्रारंभीच ओल्या कापडाने पुसून काढावा वा निंबोळी अर्काची सौम्य फवारणी करावी. पावसाळ्यात गोगलगायी पाने कुरतडतात, त्या रात्री वेचून दूर सोडाव्यात. खोड तळाशी काळे पडल्यास औषध शोधू नये. वरची निरोगी टोके तत्काळ खुडून नव्या, कोरडसर मातीत लावावीत.

विद्यार्थ्यांसाठी काही निरीक्षणे

विद्यार्थी मित्रांनो, या रोपावर कोणत्याही खर्चाविना काही प्रयोग करता येतील. महिनाभर रोज पहिले फूल केव्हा उमलले, अखेरचे केव्हा मिटले व त्या दिवशी आभाळ कसे होते, याची वहीत नोंद ठेवा. महिन्याच्या शेवटी ‘ऑफिस टाइम’ हे नाव कितपत अचूक आहे ते तुम्हांलाच सांगता येईल. दुसरा प्रयोग असा. पूर्ण उमललेल्या फुलातील पुंकेसरांना गवताच्या काडीने एका बाजूने हळूच स्पर्श करा आणि थांबून पाहा. पुंकेसर स्पर्शाच्या दिशेने वळताना दिसतात. मधमाशी फुलात शिरते तेव्हा या हालचालीचा परागकणांना काय लाभ होत असेल, याचा विचार करा. तिसऱ्या प्रयोगासाठी सारख्या दोन कुंड्या घ्या. एकीला रोज पाणी द्या, दुसरीला बोट घालून पाहिल्यावरच. दोघींतील फुले रोज मोजा. जे मी त्या मुलाला आधी सांगायला हवे होते, ते या दोन कुंड्या तुम्हांला सांगतील.

दरवर्षी दहावीची परीक्षा आटोपली की मुले पेट्या बांधू लागतात. त्या दिवसांत हा पट्टा ऐन बहरात असतो. गेल्या काही वर्षांपासून जाणारी मुले आपल्या आवडीच्या रंगाची एक-दोन फांदी खुडून वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदात गुंडाळून नेतात. दोन-तीन दिवसांच्या प्रवासाने ती मरत नाही. गावी पोहोचल्यावर फुटक्या माठात, डब्यात, अंगणाच्या कडेला, जेथे ऊन असेल तेथे ती लावावी, पाणी बेताने घालावे व महिनाभर वाट पाहावी. पिवळ्या फुलाच्या त्या मुलानेही जाताना अशीच फांदी नेली. त्याच्या मूळ कुंडीतील रोप मात्र येथेच आहे. दरवर्षी फांद्या बदलून ते आजही पाचवीच्या एखाद्या नव्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवले जाते आणि पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते.